काळ्या ज्वारीचा हिशेब

खरीप ज्वारीच्या कणसात दाणा भरला आणि नेमका तेव्हाच पाऊस लागून राहिला, की बुरशी धरते. दाणा काळा पडतो. आमच्या मराठवाड्यात अशी ज्वारी अडतीवर नेली, की अडत्या मूठभर तळहातावर घेतो, फुंकर मारतो आणि भाव पाडतो.

मी कॉलेजात असताना एका वर्षी अब्बांची सगळी ज्वारी अशीच काळी पडली. भाकरी कडवट लागे. अखेर एका व्यापाऱ्याने पोती उचलली. ‘कुठं जाणार?’ अब्बांनी विचारलं. ‘दारूच्या कारखान्याला.’ अब्बा गप्प झाले. आमच्या घरात दारू वर्ज्य. पण माझी फी त्याच पैशातून भरली गेली.

आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं मद्य उसाच्या मळीपासून बनत आलं. धान्य वापरायचं तर आधी पीठ शिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करावी लागते. मग आंबवणं, मग ऊर्ध्वपातन. एका टनातून सुमारे चारशे लिटर अल्कोहोल निघतं.

२००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याचं धोरण आणलं. भिजलेल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, हा युक्तिवाद. डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी विरोध केला. संविधानाचं ४७वं कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं. मग सरकारी तिजोरीतून दारूला पैसा कसा? आणि कारखाना काळाच दाणा घेईल, पांढरा घेणार नाही, याची हमी कोण देणार?

अम्मी १९७२च्या दुष्काळाची गोष्ट सांगायची. मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. रेशनवर लाल मिलो मिळे. ज्वारीचीच परदेशी बहीण. पण तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. ज्या मुलखाने रांगा लावून ती मिलो खाल्ली, त्याला धान्य गाळण्यासाठीचं अनुदान पचणं अवघडच.

तरीही अब्बांचं ते गप्प बसणं मी विसरलेलो नाही. काळ्या ज्वारीला तेव्हा दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पुढे २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब धान्यापासून इथेनॉल करायलाही मुभा दिली. वाट वेगळी, पोतं तेच.

म्हणून श्रोतेहो, मला एवढंच विचारायचं आहे. अनुदानाचे दहा रुपये लिटरच्या हिशेबाने कारखान्याकडे जायचे होते. अब्बांची ज्वारी मात्र क्विंटलने विकली जात होती. त्या क्विंटलचा हिशेब कुणी मांडला?