वेब सेवेशी संवाद : साचा आणि शिस्त

रेल्वेचे आरक्षण असो वा बँकेचा व्यवहार, आपण भरलेला अर्ज दूरच्या संगणकाकडे पोहोचतो तो ठरावीक साच्यातील मजकूर होऊन. यांपैकी एक्सएमएल या साच्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने फेब्रुवारी १९९८ मध्ये शिफारशीचा दर्जा दिला. त्याहून सुटसुटीत असलेले जेसन पुढे डग्लस क्रॉकफर्ड यांनी रूढ केले. दोन्ही कमालीचे काटेकोर. जेसनमध्ये अखेरच्या घटकानंतर एक स्वल्पविराम जादा राहिला, तरी नियमानुसार अख्खा मजकूर अवैध ठरतो. शून्याने आरंभ होणारी संख्याही त्यास चालत नाही. तेव्हा तसा खाते क्रमांक अवतरणचिन्हांतच द्यावा. एक्सएमएलमध्ये दुकानाच्या नावातील '&' जसेच्या तसे ठेवता येत नाही, कारण तेथे ते सांकेतिक खुणेचा आरंभ मानले जाते.

म्हणूनच कंस आणि अवतरणचिन्हे हाताने जोडत मजकूर रचण्याची सवय घातक. चाचणीतील साधी नावे चालून जातात; खऱ्या ग्राहकाच्या पत्त्यात अवतरणचिन्ह आले की व्यवहार अडतो. हे काम प्रोग्रॅमिंग भाषेतील तयार लायब्ररीवरच सोपवावे.

मराठी मजकुराची गोम आणखी निराळी. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट व्यापते. 'पुणे' दिसावयास दोन अक्षरे. संगणकाच्या लेखी मात्र उकार व मात्रा धरून चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. विनंतीच्या शीर्षभागात मजकुराची लांबी बाइटमध्ये द्यावयाची असते. तेथे चिन्हांची संख्या लिहिली, तर सेवा तेवढेच बाइट वाचते आणि अर्ज नावाच्या मध्यावरच तुटतो.