राहणे : वऱ्हाडी बोलीतले सहायक क्रियापद

राहणे हे मराठीतले अकर्मक क्रियापद. वास्तव्य करणे, टिकणे, शिल्लक उरणे हे त्याचे अर्थ महाराष्ट्रभर सारखेच आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांच्या वऱ्हाडात मात्र त्याच्यावर आणखी एक मोठे काम सोपवलेले आहे. क्रिया या घटकेला चालू आहे, हे इथे 'राहणे' सांगते. अमरावतीच्या राजकमल चौकात मित्र मित्राला विचारतो, 'काय करून राह्यला बे?' पुण्यात हेच 'काय करतोयस?' असे विचारतात. 'बे' बरोबरीच्यांपुरताच, वडीलधाऱ्यांसाठी 'काय करून राह्यले भाऊ?' आणि मैत्रिणीसाठी 'काय करून राह्यली वं?'

मुख्य क्रियापदाचे ऊनान्त रूप ('करून', 'जाऊन') आणि त्यापुढे 'राहणे'चे भूतकाळी रूप, एवढीच ही रचना. रूप भूतकाळाचे असले तरी अर्थ वर्तमानाचा असतो. मी जाऊन राह्यलो, ती जाऊन राह्यली, ते जाऊन राह्यले. मागची गोष्ट असेल तर 'जाऊन राह्यला होता', अंदाज असेल तर 'जाऊन राह्यला असन'. नकार मधे बसतो: 'लाईन येऊन नाही राह्यली', म्हणजे वीज अजून येत नाहीये.

व्याकरणाच्या दृष्टीने इथली एक गोष्ट फार देखणी आहे. 'त्यानं पोळी खाल्ली' या वाक्यात क्रियापद पोळीच्या मागे जाते आणि कर्त्याला 'नं' लागतो. 'तो पोळी खाऊन राह्यला' म्हटले की 'नं' गळतो आणि क्रियापद खाणाऱ्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. 'राहणे' अकर्मक असल्यामुळे पूर्ण वाक्य त्याच्या शिस्तीत येते. हा नियम कोणत्याही शाळेत शिकवला जात नाही, तरी अकोल्यातले चार वर्षांचे पोर तो चुकवत नाही. ज्या भाषारूपात असा नियम बिनचूक पाळला जातो, त्याला 'बिघडलेली मराठी' म्हणणे हा अन्याय आहे.

गैरसमज होतो तो प्रमाण मराठीतही जवळपास असेच शब्द असल्यामुळे. 'आजी झोपून राहिली' हे पुण्याच्या कानाला आजी दिवसभर अंथरुणात पडून होती असे वाटते. अकोल्यात त्याचा अर्थ आजी आत्ता झोपली आहे, हळू बोला. प्रमाण मराठीत बसणे, पडणे, झोपणे अशा मोजक्या स्थितिदर्शक क्रियापदांनाच 'ऊन राहणे' सहज लागते. वऱ्हाडीने ती कुंपणे काढून टाकली. बाया कापूस येचून राह्यल्या, वरूड-मोर्शीकडे संत्रा तोडून राह्यले, पानी पडून राह्यलं. समजणे, वाटणे, दिसणे ही मनाची क्रियापदेही सुटलेली नाहीत: 'मले काही समजून नाही राह्यलं', 'तुले भूक लागून राह्यली काय?' इंग्रजीतला चालू काळ जाणणे, समजणे अशा क्रियापदांना सहसा दारातच थांबवतो. वऱ्हाडीत त्यांना मुक्त प्रवेश आहे.

हिंदीचा 'कर रहा है' शेजारी ठेवला की नाते उघड दिसते. मेळघाट ओलांडला की बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर ही हिंदी मुलखातली गावे लागतात. 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि 1956 पर्यंत हिंदी जिल्ह्यांसोबत एकाच राज्यात नांदला. त्याआधी अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती, तेव्हा दख्खनी उर्दूही या भूमीला परकी नव्हती. मात्र सगळे श्रेय हिंदीला देऊन मोकळे होता येत नाही. गुजरातीत 'करी रह्यो छे' आहे, अहिराणीत 'करी ऱ्हायना' आहे. वऱ्हाडीने शेजाऱ्यांकडून साचा घेतला असेल, पण त्यात ओतलेले 'करून' आणि 'राहिला' हे दोन्ही शब्द अस्सल मराठी आहेत. थांबणे, उभे असणे अशा अर्थाच्या क्रियापदांतून चालू काळ घडवणे दूरच्या भाषांतही दिसते: स्पॅनिशमध्ये हे काम 'एस्तार' करते आणि त्याचे मूळ 'उभे राहणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे.

याच क्रियापदाने 'असणे'च्या वाट्यातलाही काही भाग घेतला आहे. नेहमीची, ठरलेली गोष्ट सांगताना वऱ्हाडी माणूस 'असते'ऐवजी 'राहते' म्हणतो: 'सोमवारी दुकान बंद राहते', 'यात्रेत लय गर्दी राहते'. 'तो आता घरीच राहीन' या वाक्यात तो घरीच राहणार असल्याची बातमी नसते; तो घरी असेल असा बोलणाऱ्याचा तर्क असतो.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 मधल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र दखल आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) या कादंबरीने वऱ्हाडी संवादांना गंभीर, दुःखाने भरलेल्या कथेत जागा दिली. दूरचित्रवाणी वाहिन्यांवर मात्र ही बोली मुख्यतः विनोदी पात्रांच्या तोंडी आली. अमरावतीचे अभिनेते भारत गणेशपुरे यांच्यामुळे ती राज्यभर घरोघरी पोचली, हे मोठेच काम. पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी 'करून राह्यला' ऐकताच हसायचे असते असा ग्रह करून घेतला. त्याची झळ शिकायला बाहेर पडलेल्या मुलांना बसते. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात खिल्ली उडते, मग मूल 'करतोय' म्हणू लागते आणि घरी फोन लावला की पुन्हा 'जेवून राह्यलो' म्हणते.

वऱ्हाडाच्या पूर्वेला, नागपूर-वर्ध्याकडे ही रचना तशीच चालते, फक्त 'काय'च्या जागी 'का' येतो: 'का करून राहिला?' पश्चिमेला बुलढाणा ओलांडून जालना-छत्रपती संभाजीनगरकडे गेले की ऊनान्त रूप मागे पडते आणि 'काय करू राहिला?' ऐकू येऊ लागते.