राजाचं एस्टिमेट

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. पण ती नव्या घराची. राहत्या घराला एक खोली जोडायची, वर मजला चढवायचा, मागची पडवी पाडून स्वयंपाकघर मोठं करायचं, यासाठी वेगळी म्हण कुणी केली नाही. खरं तर तीच जास्त गरजेची होती. नव्या घराला निदान कोरी जमीन मिळते. वाढीव बांधकामात जुनी भिंत किती पक्की आहे ते ती फोडल्यावरच कळतं, आणि तोवर गवंड्याला इसार देऊन झालेला असतो.

अशा वाढीव बांधकामाचं जगातलं बहुधा सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे लंडनचा बकिंगहॅम राजवाडा. तो मुळात राजवाडा नव्हता, हे आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकात कधी आलं नाही. १७०३ साली एका ड्यूकनं बांधलेलं ते मोठं घर. तिसऱ्या जॉर्जनं १७६१ मध्ये ते राणीसाठी विकत घेतलं. त्याचा मुलगा चौथा जॉर्ज १८२० साली गादीवर आला तेव्हा त्यानं ठरवलं की आईचं हे घर थोडं वाढवून, नीटनेटकं करून आपण तिथे राहायचं.

आता हा चौथा जॉर्ज कोण, ते सांगायला हवं. युवराज असताना कार्लटन हाउस नावाच्या वाड्यावर त्यानं इतका खर्च केला, की १७८७ साली संसदेनं त्याचं १,६१,००० पौंडांचं कर्ज फेडलं आणि वाड्याच्या कामासाठी वर ६०,००० दिले. आठ वर्षांनी, १७९५ मध्ये, कर्ज पुन्हा ६,३०,००० वर! समुद्रकाठी ब्रायटनला घुमटांचा, मिनारांचा आणखी एक महाल होताच. त्यावर १८१५ पासून सात वर्षं काम चाललं होतं. अशा माणसानं ‘थोडं वाढवू’ म्हटल्यावर संसदेच्या पोटात गोळा आला असणार.

वास्तुशिल्पी होता जॉन नॅश. ब्रायटनचा महाल आणि लंडनची रीजंट स्ट्रीट ही त्याचीच कामं. १८२६ साली हा गृहस्थ ७४ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. या वयात एवढं काम अंगावर घेणाऱ्याचं मला कौतुकही वाटतं आणि थोडी काळजीही. त्याच सुमारास राजाचं मन बदललं. राहण्याजोगं सुखसोयीचं घर नको, आता दरबार भरवता येईल असा राजवाडाच हवा. पाया तोच, जागा तीच, फक्त घराचं काम काय ते बदललं. ज्यांनी घरं बांधून घेतली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘बाल्कनी आहेच, तर तिचीच खोली करू या की!’

संसदेनं मंजूर केले दीड लाख पौंड. राजाचं म्हणणं होतं, साडेचार लाख धरा, तोच व्यवहार्य आकडा. १८२९ पर्यंत खर्च पोचला पाच लाखांच्या घरात.

हे तीन आकडे पुन्हा एकदा वाचा, मंडळी. सगळ्यांत बरोबर अंदाज कुणाचा निघाला? आयुष्यभर ज्याला हिशेब म्हणून ठेवता आला नाही, त्या उधळ्या राजाचा. काटकसरीच्या नावानं लिहिलेला दीड लाखाचा आकडा तिपटीनं चुकला. माझा तर असा समज आहे, की खरा आकडा सुरुवातीपासून समोर होता, पण तो कागदावर कुणाला नको होता. तो लिहिला असता तर कामच सुरू झालं नसतं.

नोकरीत असताना मी दोन वर्षं एका शाळेच्या बांधकाम समितीवर होतो. तिथे एक वजनदार गृहस्थ दर बैठकीत सांगायचे, ‘आकडा कमी लिहा हो, एकदा पाया भरला की पैसे आपोआप येतात.’ ते खोटं नव्हतं, पैसे आलेही. अर्धवट उभी भिंत ही जगातली सर्वांत आर्जवी भिकारीण असते. बघवत नाही, आणि पाडायचा धीरही होत नाही.

नॅशनं तर भिंती पाडल्या आणि पुन्हा उभारल्या. मुख्य इमारतीच्या दोन्ही अंगांना पुढे आलेली पाखं त्यानं बांधली, ती ठेंगणी आणि बेढब दिसू लागली. १८२८ साली संसदेच्या समितीपुढे त्यानं कबूल केलं, की ते इतकं वाईट दिसेल याची आपल्याला कल्पना नव्हती. पाखं पाडून नव्यानं बांधली. बिल अर्थात सरकारी तिजोरीवर.

त्या काळी इंग्लंडात मोठ्या कामांची रीत आपल्याकडच्या दरानं दिलेल्या कामासारखी होती. पाथरवट वेगळा, सुतार वेगळा, विटांचा गवंडी वेगळा. प्रत्येकाचे दर ठरवायचे, काम करून घ्यायचं आणि शेवटी मोजमाप घेऊन पैसे चुकते करायचे. यात फसवणूक असतेच असं नाही, पण बेरीज किती ते काम संपल्यावरच कळतं. ‘उक्तं’ काम देण्याची पद्धत तिथे तेव्हा कुठे मूळ धरत होती. थॉमस क्युबिट या कंत्राटदारानं १८१५ च्या सुमारास सगळ्या कारागिरांना कायमच्या पगारावर एका छपराखाली आणलं, तेव्हापासून अख्ख्या कामाचा एक आकडा सांगणारा माणूस भेटू लागला. आपल्याकडे उक्त्यावर देऊनही डोकेदुखी असायची ती सिमेंटची. परमिट मिळेपर्यंत काम बंद, आणि तोवर विटांचा भाव वाढलेला. ते नियंत्रण १९८२ साली थोडं उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण गेलं, तोवर कुठल्याही कंत्राटदाराचा आकडा म्हणजे निव्वळ आशावाद होता.

१८३० साली राजा वारला आणि काही महिन्यांतच नॅशला काढून टाकलं. पुढल्या वर्षी समितीनं त्याच्यावर अनियमितपणाचा आणि हलगर्जीचा ठपका ठेवला. १८३५ मध्ये तो गेला, तोही कर्ज मागे ठेवून. मन बदलणारा मालक मात्र ठपक्याच्या पलीकडे पोचला होता.

इथे मला एक फार जुना कायदा आठवतो. रोमन वास्तुशिल्पी व्हिट्रुव्हियस यानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ग्रंथात, दहाव्या भागाच्या आरंभी, इफिसस या ग्रीक नगरातली रीत सांगितली आहे. सार्वजनिक काम घेणाऱ्यानं खर्चाचा अंदाज अधिकाऱ्याकडे द्यायचा, आणि काम पुरं होईपर्यंत त्याची स्वतःची मालमत्ता तारण. खर्च अंदाजाइतका झाला तर त्याचा जाहीर मानसन्मान. एक चतुर्थांशापर्यंत वाढला तर जादा पैसे नगराचे, दंड नाही. त्याहून वाढला तर वसुली त्याच्या मालमत्तेतून. व्हिट्रुव्हियस म्हणतो, असा कायदा रोममध्ये खाजगी घरांनाही हवा होता. चारशेची तयारी असलेल्या माणसाला आणखी शंभर घालावे लागले तर तो घर पुरं होण्याच्या आनंदात घालतो, पण दीडपट झालं की त्याचा धीर सुटतो आणि काम अर्ध्यावर राहतं. पंचवीस टक्क्यांची ही रेघ कुणी आखली असेल, त्याला माणसाचं मन कळत होतं!

या मापानं नॅशला १,८७,५०० पर्यंत सूट होती. पुढचं सगळं त्याच्या घरादारावर. पण मला हा कायदा अर्धाच वाटतो. मध्येच घराचा राजवाडा करा म्हणणाऱ्यासाठी त्यात कलम नाही. माझा एक भाचा सध्या गच्चीवर दोन खोल्या काढतो आहे. त्याच्याकडे तीन कोटेशनं आली, त्यांतलं सगळ्यांत कमी त्याला पसंत पडलं. मी त्याला म्हटलं, तिन्ही कागदांत काय लिहिलंय ते नंतर बघ, कमी आकड्याच्या कागदात काय लिहिलेलं नाही ते आधी शोध. जिना कुणाचा, वॉटरप्रूफिंग कुणाचं, राडारोडा उचलायचा कुणी. आणि एक कागद स्वतःसाठी लिही, की काम सुरू झाल्यावर तू काय काय बदलणार नाहीस. हा शेवटचा कागद त्यानं अजून लिहिलेला नाही.

राजवाड्याचं पुढे काय झालं? उरलेलं काम एडवर्ड ब्लोर या दुसऱ्या वास्तुशिल्पीकडे गेलं. नवा राजा चौथा विल्यम तिथे राहायला गेलाच नाही. १८३४ साली संसदेची इमारत जळाली, तेव्हा त्यानं हा वाडाच संसदेला देऊ केला. संसदेनं नको म्हटलं. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राहायला आली, तर धुराड्यांतून धूर घरात यायचा. आठ वर्षांत चार मुलं झाली आणि १८४५ साली तिनं पंतप्रधान पील यांना लिहिलं की कुटुंबाला जागा पुरत नाही.

म्हणजे पुन्हा वाढीव बांधकाम. पण या वेळी आधी पैशांची सोय बघितली गेली. काकांचा ब्रायटनचा महाल विकायला काढला. १८५० साली तो ब्रायटन शहरानं ५३,००० पौंडांना घेतला. नकाशा ब्लोरचा आणि बांधणारा तोच उक्त्या कामाचा थॉमस क्युबिट. ज्या सज्जात उभं राहून राजघराणं आजही हात हलवतं तो सज्जा याच नव्या बाजूचा. ब्रायटनच्या महालातल्या चिनी धाटणीच्या शेकोट्या आणि सजावट काढून आणून याच खोल्यांत बसवली, जशी पूर्वी पाडलेल्या कार्लटन हाउसची बसवली होती. त्यातलं बरंचसं सामान व्हिक्टोरियानं १८६० च्या दशकात ब्रायटनला परत पाठवलं. शेकोट्यांपैकी काही मात्र राजवाड्यातच राहिल्या.