आबादीचा कोरा चौकोन

जन्मभर मोजणी केली, त्यामुळे नकाशा हाती आला की माझी नजर आधी प्रमाणावर जाते. मध्य प्रांताच्या बंदोबस्तातले गावनकाशे मैलाला 16 इंच, म्हणजे इंचाला 330 फूट. शेताचा धुरा, विहीर, बोडी, पांधण, आमराई, सगळं त्यात ठळक. आमच्या उमरेडचाही तोच थाट. मधली आबादी मात्र कोरी! एक नंबर टाकला की संपलं. आत ना घर, ना गल्ली.

कारण सरळ आहे. मालगुजाराकडून किती सारा घ्यायचा, एवढंच बंदोबस्तवाल्यांना ठरवायचं होतं. सारा शेतावर, कोष्ट्याच्या मागाशी त्यांना काय देणंघेणं? गोंड राजा बख्त बुलंदानं चिमूरच्या मुनाजी पंडिताला इथलं जंगल दिलं आणि गाव वसलं. 1867 साली नगरपालिका आली, 1901 च्या शिरगणतीत वस्ती 16 हजारांच्या घरात. नाव झालं ते मात्र कोष्ट्यांनी विणलेल्या रेशीमकाठी धोतरांनी. धोतराचा ताणा पसरून खळीची पाजण करायला लांब, मोकळी जागा लागते. म्हणून जुन्या वस्तीत एखादी गल्ली उगाच सरळ आणि रुंद दिसली की मला आधी पाजण आठवते. नकाशा यात कामाचा नाही, पायच चालवावे लागतात.

रेल्वेचं तसं नाही. 1908 च्या सुमारास बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी लाइन नागपूरहून उमरेडवरून नागभीडला गेली. रूळ अडीच फुटांचे, पण संपादनाचा पट्टा चांगला रुंद. असा पट्टा गेला की शेताचे दोन तुकडे, त्यांना बटे नंबर आणि नकाशावर लाल शाईची दुरुस्ती. 2019 साली रुंदीकरणासाठी ती छोटी गाडी थांबली.

सर्व्हे ऑफ इंडियाचं 55 पी/5 हे इंची, म्हणजे मैलाला एक इंचाचं, शीट वेगळंच बोलतं. त्यावर आम नदी आहे, रस्ते आहेत, 50-50 फुटांच्या समोच्च रेषा आहेत. पण 1960 नंतर उघडी कोळसा खाण सुरू झाली आणि त्या भागातल्या रेषा निकालात निघाल्या. सपाट शेतांच्या जागी एकीकडे खड्डा, दुसरीकडे उपसलेल्या मातीचे डोंगर.

तरी खाणीत गेलेल्या शेताचा धुरा वारसाला जुन्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. कोष्ट्याच्या नातवाला आजोबांचा माग कुठे होता, ते घरच्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं.