तळटीप १२ : ‘बुद्ध्यांक’

१२. बुद्ध्यांक : मूळ व्याख्येनुसार, मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १००ने गुणले की मिळणारा आकडा. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धीची चाचणी बेतली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून; पुढे व्ही. व्ही. कामत यांनी १९३४मध्ये ती मराठी-कानडी मुलांसाठी घडवली. बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला काढताना अशा चाचण्या आजही लागतात. पण वसईत घरी कादोडी बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत शब्दार्थ विचारले, तर बरीचशी मोजली जाते ती शाळेची भाषा. वाडीतल्या केळी-भाजीचा, पाण्याच्या पाळीचा त्याचा चोख हिशेब त्या कागदावर उतरतच नाही. म्हणून मूळ लेखातला ‘मंद’ हा शब्द आम्ही अवतरणचिन्हांत ठेवला आहे. – संपा.