गो-कार्टचा कार्ब्युरेटर : मोठे छिद्र नव्हे, नेमके मिश्रण

जळगाव, धुळे किंवा शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन शर्यतीसाठी गो-कार्ट बांधायला घेतात, तेव्हा इंजिनाची निवड बहुधा ठरलेली असते. जुन्या मोटारसायकलचे १२५ ते १५० सीसीचे इंजिन स्वस्त पडते आणि त्याचे सुटे भाग गावातच मिळतात. चाचणीच्या दिवशी मात्र हेच इंजिन सरळ पट्ट्यात उत्तम धावते आणि वळणावर अडखळते. मग ‘जेट मोठा करा’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला पुष्कळदा चुकीच्या दुखण्यावरचे औषध ठरतो.

वळणावर इंजिन का अडखळते?

मोटारसायकल वळताना कलते. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल तळाशी समपातळीत राहते. गो-कार्ट कलत नाही, त्यामुळे पेट्रोल एका भिंतीकडे सरकते. वळणावरचा बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर पेट्रोलची पातळी ४५ अंशांत तिरकी होते. अशा वेळी जेट उघडा पडतो किंवा पेट्रोल ओसंडून आत शिरते. जेट कितीही मोठा केला तरी ही अडचण सुटत नाही. फ्लोटची उंची तपासणे आणि कार्ब्युरेटर सरळ उभा बसवणे, हे पहिले काम होय.

ही अडचण जुनीच आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स यांनी पहिली गो-कार्ट तयार केली, ती गवत कापण्याच्या यंत्राच्या इंजिनावर. पुढे लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवतीची इंजिने या खेळात आली. करवत आडवी-तिरपी धरावी लागते, म्हणून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटऐवजी लवचिक पडदा असतो. कार्ट शर्यतींत असे पडद्याचे कार्ब्युरेटर आजही वापरले जातात.

दुसरा फरक टाकीचा. मोटारसायकलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते आणि पेट्रोल आपोआप उतरते. कार्टची टाकी चालकाच्या पायांशी, जमिनीलगत असते. त्यामुळे इंजिनातील दाबाच्या चढउतारावर चालणारा छोटा पंप लागतो. मात्र मोटारसायकलच्या फ्लोटची सुई उतरत्या पेट्रोलच्या हलक्या दाबासाठी बनवलेली असते. पंपाचा दाब जास्त झाल्यास ती बंद होत नाही आणि पेट्रोल वाहू लागते. जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी हा त्यावरचा साधा उपाय आहे.

खान्देशचा उन्हाळा आणि जेटचा हिशेब

हे जमल्यानंतरच जेटकडे वळावे. अनेक कंपन्यांच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. म्हणजे १०० क्रमांकाचे छिद्र १ मिलिमीटरचे. पेट्रोलचा प्रवाह व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १०० ऐवजी १०५ क्रमांक लावला, तर पेट्रोल सुमारे १० टक्के वाढते. म्हणून एक-दोन क्रमांकांचा फरकही मोठा असतो.

हवामानाचा परिणाम येथे दिसतो. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत तो १० अंशांखाली उतरतो. या दोन तापमानांतील हवेच्या घनतेत सुमारे १२ टक्क्यांचा फरक पडतो. कार्ब्युरेटरच्या रचनेमुळे मिश्रणावर त्याचा निम्मा, म्हणजे सुमारे ६ टक्के परिणाम होतो. मे महिन्यात बेतलेला जेट जानेवारीच्या पहाटे मिश्रण तेवढे विरळ करतो. थंडीसाठी जेटचा क्रमांक सुमारे ३ टक्क्यांनी वाढवावा लागतो.

उंचीचाही असाच हिशेब आहे. दर १०० मीटरला हवा सुमारे एक टक्का विरळ होते. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तर कोल्हापूर सुमारे ५५० मीटरवर आहे. गावात बसवलेली मांडणी दुसऱ्या गावच्या ट्रॅकवर जशीच्या तशी चालेल, असे गृहीत धरू नये.

त्यात इंधनही बदलले आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणास सुमारे १३.५ भाग पुरते. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या जुन्या कार्ब्युरेटरला त्यामुळे ८ ते ९ टक्के अधिक इंधन, म्हणजे व्यासाने सुमारे ४ टक्के मोठा जेट लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, तेही बदलावेत.

चूक महागात पडते

विरळ मिश्रणावर इंजिन तापते. टू-स्ट्रोक इंजिनात तर वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो आणि धावती गाडी अचानक थांबते. दाट मिश्रणाने ताकद घटते, प्लग काळा पडतो. पण इंजिन सहसा वाचते. म्हणून सुरुवात नेहमी दाट बाजूने करावी आणि एकेक क्रमांक खाली यावे.

पूर्ण थ्रॉटलवर धाव घेऊन, इंजिन तिथेच बंद करून प्लग पाहावा. फिकट तपकिरी रंग योग्य, पांढरा विरळ मिश्रणाचा, काजळी दाट मिश्रणाची खूण. साधारणतः पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, मधल्या टप्प्यात निडल आणि पाऊण थ्रॉटलच्या पुढे मेन जेट काम करतो. ज्या टप्प्यात दोष, तोच भाग बदलावा. एका वेळी एकच बदल करून तापमानासह वहीत नोंदवावा.

जेट तारेने साफ करू नये, ड्रिलने मोठा तर मुळीच करू नये. पितळ मऊ असते. छिद्र वेडेवाकडे होते आणि क्रमांकाला अर्थ उरत नाही. गरम सायलेन्सरजवळ एकही सांधा ओला दिसला, तर गाडी ट्रॅकवर नेऊ नये.

शर्यतीचे नियमही आधी वाचावेत. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. या प्रकारात इंजिन मोहोरबंद असते, त्याच्या आतल्या भागांत फेरफार करता येत नाही. तेथे संघाची हुशारी दिसते ती जेटच्या निवडीत.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. हवा आणि इंधन यांचे गणित हाताने जुळवून पाहण्याची संधी विद्यार्थ्यांना आता अशा छोट्या गाड्यांवरच उरली आहे.