किल्लीची तीन कामे : हँडलपासून पुश बटनापर्यंत

१/
ब्रेकवर पाय, खिशात रिमोट आणि बोटाखाली एक बटण : आजची मोटार एवढ्यावर सुरू होते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच कामात धडधाकट माणसांची मनगटे मोडत असत. या दोन टोकांमधला प्रवास सहसा ‘सोय वाढत गेली’ एवढ्या एकाच वाक्यात सांगितला जातो. पण त्यात किल्लीची स्वतंत्र कथा दडलेली आहे. धातूच्या या लहानशा तुकड्याकडे हळूहळू तीन कामे आली आणि पुढे एकेक करून ती काढून घेतली गेली. तिसरे काम तर कोणी तिला मुद्दाम दिलेलेच नव्हते. ते गेल्याचे लक्षात आले, तोवर माणसे दगावली होती. आजचा धागा या तीन कामांविषयी.

२/
ती कामे आधी नीट वेगळी करून घेऊ.
पहिले अनुमतीचे : ही गाडी कोणी चालवावी?
दुसरे आरंभाचे : निश्चल इंजिनाला पहिली गती कोणी द्यावी?
तिसरे समाप्तीचे : इंजिन खरोखर बंद झाले आहे, याची खूण कोणती?
पुढील प्रत्येक टप्प्यावर हे तीन प्रश्न विचारत जा. इतिहासाची दिशा आपोआप उलगडेल.

३/
कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीला किल्ली नव्हती. मागच्या बाजूचे मोठे आडवे गतिपालक चक्र, म्हणजे फ्लायव्हील, हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटरवरील फॉर्त्सहाइमला निघाली. मोटारीच्या इतिहासातील या पहिल्या लांब प्रवासाला अडवील असे कुलूपच त्या गाडीला नव्हते. गाडी सुरू करण्याचे कसब हीच तेव्हाची अनुमती होती.

४/
त्यानंतर आले हँडल. गाडीच्या पुढच्या बाजूस वाकडी लोखंडी दांडी घालून ती जोराने फिरवायची. यात धोका होता तो ठिणगीच्या वेळेचा. ठिणगी लवकर पडली, तर दट्ट्या वर पोहोचण्याआधीच इंधन पेटे, इंजिन उलटे फिरे आणि दांडी हातावर आदळे. म्हणून हँडल मारण्यापूर्वी ठिणगी उशिरा पडेल अशी तजवीज करावी लागे. अंगठा दांडीभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा, अशी सक्त शिकवण असे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकात आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. एका व्यवसायाची जखम अशी शब्दकोशात उरली.

५/
या टप्प्यावर एक प्रसिद्ध कथा सांगितली जाते. कार्टरकार या मोटारीचे निर्माते बायरन कार्टर एका स्त्रीची बंद पडलेली गाडी सुरू करून देण्यास थांबले. हँडल उलटून त्यांना जबर इजा झाली आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. त्याने व्यथित होऊन कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला. कार्टर १९०८ साली न्यूमोनियाने वारले, हे खरे. पण पुलाचा आणि अडकलेल्या स्त्रीचा नाट्यमय तपशील अभ्यासकांना संशयास्पद वाटतो. शोधांच्या इतिहासात अशा उगमकथा फार आढळतात. त्या ऐकाव्यात, पण पुराव्याच्या जागी ठेवू नयेत.

६/
लेलँड यांच्यासाठी हा प्रश्न सोडवला चार्ल्स केटरिंग यांनी. ते पूर्वी ओहायोतील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवणारी छोटी मोटर त्यांनी घडवली होती. इंजिन फिरवायला अवजड मोटर लागेल, असा तेव्हाचा समज. केटरिंग यांनी ओळखले की तिला काही क्षणच जोर लावायचा आहे. सतत चालवल्यास जळेल इतका भार छोटी मोटरही क्षणभर पेलू शकते. इंजिन चालू झाले की तेच यंत्र जनित्र बनून बॅटरी भारित करी. १९११ मध्ये ही रचना सिद्ध झाली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसवली गेली.

७/
परिणाम दूरगामी झाला. त्या काळी शांत, धूर न सोडणाऱ्या आणि हँडल नसलेल्या विजेच्या मोटारी शहरी स्त्रियांसाठी म्हणून खपवल्या जात. खुद्द हेन्री फोर्ड यांची पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवीत असे. पेट्रोलची गाडी बटणावर सुरू होऊ लागताच विजेच्या गाडीचा मोठा लाभ नाहीसा झाला. १९१९ पासून फोर्डच्या स्वस्त मॉडेल टीलाही विजेचा स्टार्टर मिळू लागला. येथे एक नोंद करून ठेवा : या टप्प्यावर सोय आणि सुरक्षितता हातात हात घालून आल्या. नेहमी तसे होत नाही.

८/
मराठीने हा इतिहास आपल्या परीने जपला आहे. गॅरेजमध्ये आजही स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात आणि ‘सेल्फ मारून बघ’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ‘सेल्फ-स्टार्टर’ या मूळ नावाचा तो उरलेला अर्धा भाग. स्वतःहून सुरू होणारी गाडी ही एके काळी नवलाची गोष्ट होती, हे तो शब्द सांगतो. शेतावरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारणारी पिढी तर अजून आपल्यात आहे. आणि ‘चावी’? ती पोर्तुगीजांच्या ‘शाव्ह’ या शब्दावरून आली. मोटारीच्या कितीतरी आधी ती आपल्या दारांना लागली होती.

९/
आता किल्लीकडे वळू. प्रारंभी तिचे काम फक्त अनुमतीचे होते. ती फिरवली की ठिणगीचे विद्युतमंडल जोडले जाई; इंजिनाला गती देण्यासाठी वेगळे बटण हाताने वा पायाने दाबावे लागे. १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने दोन्ही क्रिया एकत्र केल्या : किल्ली आणखी थोडी फिरवा, स्टार्टर चालू. अनुमती आणि आरंभ एका मुठीत आले. ज्याला आपण ‘पारंपरिक’ पद्धत म्हणतो, तिचे वय एवढेच. पुश बटण तिच्याहून जुने आहे.

१०/
तिसरे काम आले ते चोरांमुळे. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून मोटारचोरीविरोधी सुरक्षा मानक, क्रमांक ११४, लागू झाले. किल्ली काढली की इंजिन सुरू होता कामा नये, तसेच सुकाणू तरी अडकावे किंवा गाडी पुढे तरी जाऊ नये, अशी त्यात अट होती. किल्ली आत विसरून चालकाने दार उघडले, तर इशारा मिळणेही आवश्यक ठरले. पुढे १९९० च्या दशकारंभी स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत ‘पार्क’ स्थितीत आल्याशिवाय किल्ली निघू नये, असा नियम आला.

११/
या नियमांतून नकळत एक खात्री जन्मली : किल्ली माझ्या हातात आहे, अर्थात इंजिन बंद आहे आणि गाडी जागची हलणार नाही. चालकाला हे आठवावे लागत नसे. खिशाचे वजनच ते सांगे. नियम लिहिले गेले चोरांसाठी आणि गाडी घसरू नये यासाठी; परंतु त्यांनी विसराळू माणसाचेही रक्षण केले. हेच किल्लीचे तिसरे काम. ते कोणत्याही जाहिरातीत नव्हते, म्हणून कोणाच्या हिशेबातही नव्हते.

१२/
मग विघटन सुरू झाले. १९८२ च्या सुमारास रेनोच्या ‘फ्युएगो’ गाडीत दूरवरून दार उघडणारा रिमोट आला. त्याचे जनक पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रेंच लोक रिमोटला ‘प्लिप’ म्हणू लागले. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये किल्लीवर विद्युतरोधाचा छोटा कण बसवला गेला. दाते जुळले, पण रोध जुळला नाही, तर गाडी सुरू होत नसे. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. अनुमती आता धातूच्या दात्यांकडून संकेताकडे गेली होती.

१३/
१९९३ च्या कॉर्व्हेटमध्ये मालक जवळ येताच दार उघडू लागले. दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लासने किल्ली न लावता इंजिन सुरू करण्याची सोय दिली. तत्त्व सोपे आहे : गाडी अल्प पल्ल्याची, कमी वारंवारतेची हाक देते, खिशातला रिमोट जागा होऊन उच्च वारंवारतेवर सांकेतिक उत्तर देतो, उत्तर पटले की बटण चालते. अनुमती रिमोटकडे, आरंभ बटणाकडे. आणि समाप्ती? तीही बटणाकडेच गेली. मात्र ते बटण दाबण्याचे स्मरण ठेवणे माणसावर सोपवले गेले.

१४/
कायद्यानेही वळण घेतले. २००६ साली अमेरिकी नियामकांनी मानक क्रमांक ११४ मधील ‘किल्ली’ची व्याख्या सुधारली : वस्तू किंवा इलेक्ट्रॉनिक संकेत, दोन्हींना किल्ली मानले गेले. तर्क बिनचूक होता. पण वस्तू खिशात जाते. संकेत कोठे जातो? रिमोट घेऊन चालक घरात जाऊ शकतो आणि इंजिन मागे चालूच राहू शकते. धावत्या गाडीत रिमोटची बॅटरी संपली म्हणून इंजिन थांबणे धोक्याचे, यास्तव गाड्या मुद्दाम तशा घडवल्या होत्या.

१५/
अमेरिकेत अनेक घरांना गॅरेज जोडलेले असते. इंजिने शांत झाली होती आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. गाडी चालू राहिली, वायू घरात शिरला आणि झोपेतली माणसे उठलीच नाहीत. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शोध घेऊन २००६ पासून असे किमान २८ मृत्यू नोंदवले. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती : आयुष्यभर किल्ली काढून इंजिन बंद करण्याची सवय असलेली हीच पिढी. इंजिन काही वेळाने आपोआप बंद करणे तंत्रदृष्ट्या अवघड नव्हते. ते सक्तीचे मात्र नव्हते.

१६/
समाप्तीचा प्रश्न धावत्या गाडीतही होता. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्ससचे वेगपेडल पायपुसण्यात अडकले आणि चौघांचा मृत्यू झाला. त्या गाडीत धावत्या स्थितीत इंजिन बंद करायचे, तर बटण तब्बल तीन सेकंद दाबून धरावे लागे. घाबरलेला माणूस बटण एकदा दाबतो, फार तर पुन्हा पुन्हा दाबतो. डिसेंबर २०११ मध्ये नियामकांनी बटणाच्या वर्तनात एकसूत्रता आणण्याचा आणि चालू गाडी सोडून जाणाऱ्यास मोठ्या आवाजात इशारा देण्याचा प्रस्ताव मांडला. तो वर्षानुवर्षे प्रस्तावच राहिला.

१७/
तर मग जुनी किल्लीच बरी? थांबा. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला लाखो गाड्या परत मागवाव्या लागल्या. किल्लीचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या ओढीनेही तो मागे फिरे. धावते इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होत. सुधारित भाग पूर्वीच बसवला गेला होता, पण भाग क्रमांक न बदलल्याने दोष झाकला गेला. नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आणि २०२१ नंतर अमेरिकेत ह्युंदाई-कियाच्या ज्या गाड्यांच्या चोऱ्यांची लाट आली, त्या धातूच्या किल्लीच्या, इमोबिलायझर नसलेल्या गाड्या होत्या. शेजारच्या कॅनडात तो २००७ पासून सक्तीचा होता.

१८/
बिनकिल्लीची अनुमतीही अभेद्य नाही. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी आठ उत्पादकांच्या दहा गाड्यांवर प्रयोग केला. गाडीची हाक एका उपकरणाने पकडून दूरच्या रिमोटपर्यंत पोहोचवली. संकेत फोडण्याची गरजच पडली नाही. दहाही गाड्या फसल्या. उत्तर खरे होते, फक्त ते जवळून आलेले नव्हते. आज काही रिमोट स्थिर राहिले की झोपी जातात, तर काही गाड्या संकेताच्या प्रवासवेळेवरून अंतर मोजतात.

१९/
२०१९ मध्ये टोयोटाने पुढील वर्षाच्या मॉडेलांपासून इंजिन आपोआप बंद होण्याची सोय जाहीर केली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या पायाभूत सुविधा कायद्याने बिनकिल्लीच्या गाड्यांसाठी तसा नियम करण्याचा आदेश वाहतूक खात्याला दिला. तंत्र बाजारात येणे आणि नियम येणे यांत दोन दशके गेली. त्या अंतराची किंमत कंपन्यांपेक्षा गाडी घेणाऱ्या माणसांनी अधिक मोजली.

२०/
म्हणून जुने की नवे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा बाजूला ठेवावा. जुनी वस्तू बदलताना ती कोणकोणती कामे करीत होती, याची यादी आधी केली होती का, हे पाहावे. त्या यादीत न मागता होणारी कामेही हवीत. केटरिंग यांनी हँडलच्या जागी जे आणले, त्याने हँडलचे एकुलते एक काम अधिक चांगले केले. बटणाने किल्लीची दोन कामे उत्तम केली आणि तिसरे माणसाच्या स्मरणशक्तीवर टाकले.

धागा येथे संपतो. घरात कोणी हँडल मारून गाडी किंवा इंजिन सुरू केलेले असेल, तर त्यांना विचारा : अंगठा कोठे ठेवायचा? उत्तर खाली जरूर लिहा.